क्रेडिटचा हिशेब, आणि ते लवकर कसं जमवायचं (बडोदा, एफवाय आणि बारावीवाल्यांसाठी)

दांडियाबाजार_४
नमस्कार मंडळी. दर जूनमध्ये हेच प्रश्न चार ठिकाणी विचारले जातात आणि अर्धी उत्तरं मिळून विरून जातात, म्हणून सगळं एकत्र. मुलगी एमएसयूत (महाराजा सयाजीराव विद्यापीठात) एफवाय बीएस्सी, भाचा बारावीत. सेमिस्टरचे २२ क्रेडिट म्हणजे नक्की किती तास? स्वयम्‌चे (सरकारच्या ऑनलाइन शिक्षण-व्यासपीठाचे) कोर्स करून विषय आधी उरकता येतात का? बारावीच्या सुट्टीत काही कमावून ठेवता येतं का? आणि 'अडीच वर्षांत डिग्री' हे खरं की व्हॉट्सॲपवरचं? ऐकीव नको, नियम माहीत असणाऱ्यांनी लिहावं ही विनंती.

वडाचं_पान
ताई, आधी तास. थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात वर्गातले १५ तास, आठवड्याला एक. प्रॅक्टिकलचं १ क्रेडिट म्हणजे ३० तास, आठवड्याला दोन. त्यामुळे ४ क्रेडिटचा पेपर दोन तऱ्हांचा असतो. निव्वळ थिअरी असेल तर ६० तास, ३ थिअरी आणि १ प्रॅक्टिकल असेल तर ७५. बीएस्सीचं टाइमटेबल बीकॉमपेक्षा भरगच्च दिसतं ते यामुळे. क्रेडिट दोघांनाही सारखेच.

गुजरातेत २०२३-२४ पासून नवीन शैक्षणिक धोरणाची रचना लागू झाली. सेमिस्टरला २२, तीन वर्षांचे १३२, चार वर्षांच्या ऑनर्सचे १७६. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात किमान आकडे १२० आणि १६० आहेत, आपल्या राज्यानं वरचे धरले. नेटवर 'वर्षाला ४०' वाचून लोक गोंधळतात. इंदूरच्या मावसभावाला वर्षाला ४० असतील तर तोही बरोबर आणि तुमचे ४४ ही बरोबर.

पहिल्या सेमिस्टरचे २२ साधारण असे पडतात: मेजरचे (मुख्य विषयाचे) दोन पेपर ४ आणि ४, मायनर (जोडविषय) ४, मल्टिडिसिप्लिनरी (दुसऱ्या शाखेचा विषय) ४, आणि दोन-दोन क्रेडिटचे तीन, म्हणजे भाषेचा एईसी, कौशल्याचा एसईसी आणि मूल्यशिक्षणाचा व्हीएसी (किंवा भारतीय ज्ञानपरंपरा). फॅकल्टी आणि सेमिस्टरप्रमाणे ही वाटणी सरकते. आपल्या फॅकल्टीचा तक्ता काढून भिंतीवर लावा. लवकर-उशिराचा सगळा खेळ त्या तक्त्यातल्या खान्यांवर आहे. क्रेडिट कमावणं सोपं आहे, त्याला खाना मिळवणं अवघड.

शेव_उसळ
पण १ क्रेडिट म्हणजे ३० तास असंही वाचलंय. खरं काय?

वडाचं_पान
दोन्ही. २०२३ चा राष्ट्रीय क्रेडिट आराखडा विद्यार्थ्याचे एकूण शिकण्याचे तास मोजतो: वर्ग, प्रॅक्टिकल, घरचा अभ्यास, परीक्षा, सगळं धरून वर्षाला १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट, म्हणून एकाला ३०. मी वर लिहिले ते फक्त टाइमटेबलवरचे तास. १५ तास वर्गात बसलात तर तेवढेच घरी बसायचेत, असा त्याचा अर्थ. दुसरा अर्धा भाग कोणी मोजत नाही ही गोष्ट वेगळी.

बीजगणित
क्रेडिट आणि मार्क यांचं नातं बऱ्याच पालकांना कळलेलं नसतं. क्रेडिट म्हणजे वजन. पेपर पास झालात की पूर्ण क्रेडिट मिळतं, ४१ मिळोत की ९१. मार्कांचा फरक ग्रेड पॉइंटमध्ये दिसतो: ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४, नापास ०.

वरच्याच सात पेपरांना ग्रेड पॉइंट घालून बघा. मेजर ८ आणि ७, मायनर ६, मल्टिडिसिप्लिनरी ८, एईसी ९, एसईसी १०, व्हीएसी ७. क्रेडिटने गुणले की ३२ + २८ + २४ + ३२ + १८ + २० + १४ = १६८. भागिले २२, एसजीपीए (सेमिस्टरची सरासरी) ७.६४.

आता दुसऱ्या मेजरमध्ये एटीकेटी लागली (पेपर नापास, पुढे जाऊन पुन्हा द्यायचा) असं धरा. २८ गेले, राहिले १४०. भागायचं मात्र २२ नेच, १८ ने नाही. ६.३६. एसईसीत १० मिळाले म्हणून आनंद करण्याआधी बघा, ते २ क्रेडिटचे आहेत. ४ क्रेडिटच्या पेपरात एक ग्रेड घसरली की २ क्रेडिटच्या पेपरात दोन ग्रेड चढाव्या लागतात, तेव्हा कुठे बरोबरी.

कलाभवन_गेट
स्वयम्‌बद्दल. इथेच सगळ्यात जास्त पाणी मुरतं, म्हणून जरा लांब लिहितो.

युजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सेमिस्टरमध्ये प्रोग्रॅमच्या एकूण कोर्सेसपैकी ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयम्‌वरून घेता येतात. सातपैकी २.८, म्हणजे दोन. ही वरची मर्यादा आहे, तुमचा हक्क नाही. कुठले कोर्स, कुठल्या पेपरच्या जागी, हे विद्यापीठ ठरवतं आणि फॅकल्टी यादी लावते. यादीत नसलेला कोर्स कितीही उत्तम मार्कांनी केला तरी तो सर्टिफिकेट म्हणून भिंतीवर लागेल, मार्कशीटवर येणार नाही.

दुसरी अडचण आकड्यांची, आणि ती कोणी आधी सांगत नाही. एनपीटेलचा (त्यावरच आयआयटींकडून चालणारे कोर्स) ४ आठवड्यांचा कोर्स १ क्रेडिट, ८ आठवड्यांचा २, १२ आठवड्यांचा ३. आपल्याकडे खाने आहेत ४ चे आणि २ चे. म्हणजे एनपीटेलवर सगळ्यात जास्त मिळणारा १२ आठवड्यांचा कोर्स नेमका आपल्या कुठल्याच खान्यात बसत नाही! ३ क्रेडिट घेऊन मुलं ४ च्या पेपरमधून सूट मागायला येतात आणि १ क्रेडिटसाठी अडकतात. उपाय तीनच. ८ आठवड्यांचा कोर्स घेऊन २ चा एसईसी किंवा व्हीएसी भरायचा. किंवा १५ आठवड्यांचा ४ क्रेडिटचा कोर्स शोधायचा, सीईसी या तिथल्याच दुसऱ्या संस्थेच्या कोर्सेसमध्ये असे बरेच सापडतात. किंवा १२ आणि ४ आठवड्यांचे दोन कोर्स जोडून ४ करायचे, पण या जोडीला विभागाची लेखी मान्यता आधी हवी. नंतर मागितली तर 'विषय वेगळे आहेत' म्हणून परत येते.

नोंदणी दोन वेळा करायची असते हेही पुष्कळ जण विसरतात. कोर्सला नाव घालणं फुकट. परीक्षेची नोंदणी वेगळी, तिची फी एनपीटेलला कोर्समागे १००० रुपये, आणि तिची शेवटची तारीख कोर्स अर्ध्यावर यायच्या आतच निघून जाते. व्हिडिओ सगळे बघितले, असाइनमेंट सगळ्या दिल्या आणि परीक्षेचा फॉर्मच भरला नाही, तर हातात काही नाही.

मार्कांचं: एनपीटेलला असाइनमेंटचे २५, केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे ७५. १२ आठवड्यांच्या कोर्सला १२ पैकी चांगल्या ८ असाइनमेंट धरतात, ८ आठवड्यांना ६, ४ आठवड्यांना ३. पास व्हायला २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०, दोन्ही वेगवेगळे. ७५ पैकी ६५ आणले पण असाइनमेंट ९ वर राहिल्या तर सर्टिफिकेट नाही. दर आठवड्याची तारीख टळली की ती असाइनमेंट गेली, कोणाला मेल करून उपयोग नसतो.

शेव_उसळ
मग एकाच सेमिस्टरला असे चार कोर्स करून पुढच्या वर्षाचे विषय आधीच संपवले तर?

कलाभवन_गेट
पुढच्या सेमिस्टरच्या खान्यात आज भरता येत नाही, जोवर विद्यापीठ तसं लेखी म्हणत नाही. सेम ५ चा पेपर सेम ३ ला स्वयम्‌वर केला तर सेम ५ चा फॉर्म भरताना तो दाखवायचा, आणि तोवर यादी बदलली असेल तर तुमची जबाबदारी. एका वेळी एक, फार तर दोन. जुलै आणि जानेवारी अशा दोन फेऱ्या मिळतात, तीन वर्षांत सहा संधी. पुरे आहेत.

लहरीपुरा
आता हे क्रेडिट साठतात कुठे? अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, युजीसीचे नियम जुलै २०२१ चे. १२ आकडी आयडी, जो आता अपार आयडी म्हणून शाळेतच तयार होतो. डिजिलॉकरमध्ये आधारने लॉगिन करायचं, शिक्षण विभागात अपार किंवा एबीसी शोधायचं. शाळेनं आधीच काढला असेल तर तोच दिसेल, नवा काढायच्या भानगडीत पडू नका. नसेल तर विद्यापीठाचं नाव आणि प्रवेशाचं वर्ष टाकून तयार होतो, पाच मिनिटांचं काम.

खरी गडबड नावाची. गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. त्यात आपलं मराठी नाव गुजराती कारकुनाच्या हातून इंग्रजीत गेलेलं. 'ज्ञानेश' एका कागदावर डी-एन-वाय ने आणि दुसऱ्यावर जी-एन ने, कारण गुजरातीत 'ज्ञ' चा उच्चार 'ग्न' होतो. 'शिंदे' मधला एच गळतो. 'काळे' ला कुठे एल एक, कुठे दोन. विद्यापीठ निकालाची फाइल चढवतं तेव्हा आयडी, नाव, जन्मतारीख जुळावी लागते, नाही जुळली तर तुमची ओळ मागे राहते आणि खात्यात शून्य दिसतं. निकाल लागलेला, मार्कशीट हातात, पण बँकेत क्रेडिट नाही, याचं निम्म्या वेळा हेच कारण.

कुठला कागद बदलायचा? बारावीची मार्कशीट प्रमाण धरा आणि आधार तिच्याशी जुळवून घ्या, उलट नको. पण आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. तेव्हा स्पेलिंग कागदावर लिहून, दहावी आणि बारावी दोन्हीशी ताडून, मगच केंद्रावर जा.

आणि हो, विद्यार्थ्याला स्वतः क्रेडिट चढवता येत नाही. फक्त संस्था चढवते. 'आम्ही तुमचे क्रेडिट जमा करून देतो' म्हणून पैसे मागणारा कोणी भेटला तर नमस्कार करून पुढे जा.

दांडियाबाजार_४
लहरीपुरा, हे 'ज्ञ' चं वाचून आमचे सगळे कागद काढले. दोन जागी वेगळं आहे. क्रेडिट किती वर्षं टिकतं?

लहरीपुरा
जास्तीत जास्त ७ वर्षं. एका पदवीसाठी वापरलं की संपलं, तेच दुसऱ्या पदवीला चालत नाही. २०२२ पासून दोन पदव्या एकाच वेळी करायला मुभा आहे, म्हणून काही जण एकच स्वयम् कोर्स दोन्हीकडे दाखवायचा विचार करतात. होत नाही. शिवाय ज्या संस्थेची पदवी हवी तिथले निदान ५० टक्के क्रेडिट तिथेच कमवावे लागतात. इकडून-तिकडून १३२ गोळा करून पदवी, असं गणित नाही.

मांडवीखाली
मध्येच सोडलं तर काय मिळतं हेही लिहा कुणीतरी. पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट मिळतं ना?

वडाचं_पान
आपोआप नाही. ४४ क्रेडिट पूर्ण, एकही एटीकेटी बाकी नाही, आणि वर ४ क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप सुट्टीत. मग सर्टिफिकेट. दोन वर्षांनी ८८ अधिक ४, मग डिप्लोमा. परत यायचं असेल तर तीन वर्षांच्या आत, आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण. घरातून कोणी 'एक वर्ष करून बघ' म्हणत असेल तर ते वरचे ४ विसरू नका, सुट्टी संपल्यावर ते भरून निघत नाहीत.

इंटर्नशिपचं ओघात सांगतो. ४ क्रेडिट म्हणजे १२० तास. मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) कुठल्याही युनिटचं पत्र चालेल, पण पत्रावर 'मे ते जून काम केले' एवढंच असेल तर परत येतं. तारखा, एकूण तास, कामाचं स्वरूप, देखरेख करणाऱ्याची सही-शिक्का, आणि सोबत रोजच्या नोंदींची वही. दिवसाला ६ तास धरले तर २० दिवस. वही शेवटच्या दिवशी एकाच पेनाने लिहिलेली ओळखू येते.

दांडियाबाजार_४
आणि बारावीच्या सुट्टीचं?

वडाचं_पान
भाच्याची निराशा होईल. स्वयम्‌वर नववी ते बारावीचे कोर्स आहेत, ते शाळेच्या अभ्यासासाठी, पदवीत त्यांचं क्रेडिट नाही. पदवी पातळीचा कोर्स बारावीचा मुलगा करू शकतो, अडवत कोणी नाही. पण क्रेडिट खान्यात पडायला खाना हवा, खान्याला विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक हवा, आणि तो प्रवेशानंतर मिळतो. वेळही जुळत नाही: जानेवारीची फेरी बोर्डाच्या परीक्षेवर येते, जुलैची सुरू होईपर्यंत कॉलेज उघडलेलं असतं. सुट्टीत अपार, आधार, नावं हे नीट करून ठेवलं तर तोच खरा फायदा. बाकी सुट्टी आंबे खायला.

कलाभवन_गेट
बारावीच्या आधीचा एकच रस्ता गुजरातेत खरोखर चालतो, आणि त्याला कोणी क्रेडिट म्हणत नाही. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा, मग डी टू डी (डिप्लोमा टू डिग्री) ने इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला, म्हणजे सेम ३ ला. २०२४ पासून त्याला डीडीसीईटी ही प्रवेश परीक्षा आहे, प्रवेश एसीपीसी या राज्याच्या प्रवेश समितीतून. पहिल्या वर्षाचं सगळं क्रेडिट डिप्लोमाच्या बळावर सुटतं. तरसाली किंवा गोरव्याच्या आयटीआयतून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जायचा सी टू डी (सर्टिफिकेट टू डिप्लोमा) चा रस्ताही याच जातीचा.

वेळ मात्र वाचत नाही. दहावीनंतर ११-१२ आणि चार वर्षं म्हणजे सहा, डिप्लोमा तीन आणि डिग्री तीन म्हणजे सहाच. फायदा हा की मध्येच थांबावं लागलं तरी डिप्लोमा हातात असतो. तोटा म्हणजे पहिल्या वर्षाचं गणित न करता सेम ३ चं गणित समोर येतं. डी टू डी ची मुलं अडखळतात ती बहुधा तिथेच. मे-जूनमध्ये मॅट्रिक्स, डिफरन्शियल इक्वेशन आणि इंटिग्रेशन एवढं तरी करून जावं.

बीजगणित
अडीच वर्षांचं. बातमी खोटी नाही, अर्धी आहे. युजीसीने प्रवेगक पदवीची कार्यपद्धती २०२४ च्या अखेरीस मंजूर केली. तीन वर्षांची पदवी पाच सेमिस्टरमध्ये, चार वर्षांची सहा किंवा सात सेमिस्टरमध्ये. मंजूर जागांच्या १० टक्क्यांपर्यंतच मुलं, आणि निवड पहिल्या किंवा दुसऱ्या सेमिस्टरच्या शेवटी समितीकडून. अभ्यासक्रम तोच, क्रेडिट तेवढेच. सूट कशातही नाही, फक्त वेग वाढतो.

वेग म्हणजे किती ते काढू. पहिल्या सेमिस्टरनंतर निवड झाली तर १३२ मधून २२ गेले, ११० राहिले, चार सेमिस्टरमध्ये, म्हणजे प्रत्येकी २७.५. दर सेमिस्टरला साडेपाच जास्त, थिअरीचे धरले तरी ८० च्या वर तास. दुसऱ्या सेमिस्टरनंतर झाली तर ८८ राहिले तीन सेमिस्टरमध्ये, २९.३ प्रत्येकी. बीएस्सीला हे जवळजवळ अशक्य, कारण प्रॅक्टिकलच्या बॅचच्या वेळा एकमेकींवर चढतात. बीए-बीकॉमला जमू शकतं.

दुसरा अडसर विषम-समचा. सेम ५ चे पेपर जून ते नोव्हेंबरमध्येच शिकवतात. सहाव्याचे डिसेंबरनंतर. पाच सेमिस्टरमध्ये संपवायचं तर सहाव्याचे पेपर चौथ्याबरोबर घ्यायला लागतात, त्यांची पूर्वतयारी पाचव्यात असते. म्हणून नियम युजीसीचा असला तरी आपल्या फॅकल्टीची नोटीस लागेपर्यंत तो गृहीत धरून पुढचे बेत करू नका.

कारेलीबाग_ते_न्यूजर्सी
परदेशी जाणाऱ्यांसाठी थोडं. अमेरिकेत 'लवकर क्रेडिट' ही रुजलेली गोष्ट आहे. एपीच्या (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, शाळेत असतानाच द्यायच्या कॉलेज पातळीच्या) परीक्षा मे महिन्यात, १ ते ५ गुण, बरीच कॉलेजं ३ पासून क्रेडिट देतात, नावाजलेली ४ किंवा ५ मागतात, काही तर फक्त वरच्या वर्गात बसवतात आणि क्रेडिट देत नाहीत. सीएलईपी या तशाच दुसऱ्या परीक्षेचे गुण २० ते ८० मध्ये, शिफारस ५० ची, पण मान्य करायचे की नाही ते कॉलेजच्या हातात. एपीची नोंदणी आदल्या पावसाळ्यानंतरच करावी लागते, एप्रिलमध्ये जाग आली तर उपयोग नाही. शिकायचं बडोद्यातच असेल तर यात पैसे घालू नका.

आणि आकडे एकास एक बदलत नाहीत. अमेरिकेची पदवी साधारण १२० क्रेडिटची, आपली १३२ ची, म्हणून आपली मोठी असं नाही. मूल्यमापन करणाऱ्या संस्था वर्षं बघतात. युरोपात वर्षाला ६० ईसीटीएस (तिकडचे क्रेडिट), आपले ४४. सिलॅबसचे पीडीएफ आजच उतरवून ठेवा, तासांसकट. पाच वर्षांनी विभागाच्या साइटवर जुना सिलॅबस नसतो आणि तेव्हा तोच मागतात.

दांडियाबाजार_४
सगळ्यांचे आभार. मुलीला जुलैत ८ आठवड्यांचा कोर्स घेऊन एसईसी भरायचा आहे. अर्जात काय लिहायचं आणि आधी कोणाची सही?

कलाभवन_गेट
एक पान, इंग्रजीत. वर नाव मार्कशीटप्रमाणे, पीआरएन (विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक), अपार आयडी, प्रोग्रॅम, सेमिस्टर. मग एकच वाक्य: अमुक सेमिस्टरच्या, अमुक कोडच्या, २ क्रेडिटच्या एसईसीऐवजी स्वयम्‌वरचा अमुक कोर्स, त्याचा कोड, आठवडे ८, क्रेडिट २, शिकवणारी संस्था, परीक्षेची तारीख. सोबत कोर्सच्या पानाची प्रिंट आणि दोन्ही सिलॅबस शेजारीशेजारी ठेवलेला तक्ता. जुळणारे मुद्दे अधोरेखित केलेत तर काम लवकर होतं.

आधी विभागप्रमुखांची सही, मग डीन ऑफिसला देऊन इनवर्ड नंबर (आवक क्रमांक) घ्या. तो शिक्का आपल्या प्रतीवरही मारून घ्या. परीक्षेची फी त्यानंतर भरा, आधी नको. निकाल लागला की सर्टिफिकेटची प्रत त्याच इनवर्ड नंबरचा उल्लेख करून परीक्षा विभागात द्या. सेमिस्टरचा फॉर्म भरताना तो एसईसी रिकामा सोडू नका, कोडसमोर स्वयम् असं लिहायचं असतं, नाहीतर गैरहजर लागतं.

शेव_उसळ
गैरहजर लागलं की शून्य, आणि भागायचं २२ नेच. बरोबर ना, बीजगणित?

बीजगणित
बरोबर.